खुले पत्र : न मोजता सेन्सर बदलणाऱ्या गॅरेजमालकास

प्रति,
हायवेलगतच्या मोठ्या गॅरेजचे मालक
(नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.)

विषय : पाचगणीला रोज जाणाऱ्या बाईंची गाडी, तिला तुम्ही बसवलेले दोन एअर फ्लो सेन्सर आणि तिसऱ्या खेपेला सांगितलेला टर्बो.



तुमची दोन बिलं माझ्यासमोर आहेत. दोन्हींवर ‘एअर फ्लो सेन्सर, १ नग’ अशी ओळ आहे. दोन्हींवर ‘स्कॅनिंग चार्जेस’ आहेत, दोन्हींवर लेबर आहे. दुसऱ्या बिलामागे टर्बोचं एस्टिमेट पिन करून जोडलं आहे, चाळीस हजारांच्या वरचं. रुपयांचे आकडे भरपूर आहेत. गाडीच्या मोजमापाचा आकडा मात्र एकही नाही. किती हवा आत जात होती, किती जायला हवी होती, सेन्सरला व्होल्टेज किती मिळत होता, टर्बो किती दाब देत होता, यातलं एक अक्षर तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही ते मोजलंच नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

गाडी तुमच्या लक्षात नसेल, म्हणून आठवण करून देतो. पांढरी हॅचबॅक, १.३ लिटरचं डिझेल इंजिन. एके काळी देशातल्या कितीतरी छोट्या डिझेल गाड्यांमध्ये हेच इंजिन दिसायचं, आपल्या रांजणगावातही ते बनायचं, त्यामुळे तुमच्या गॅरेजला ते नवीन नाही. मालकीणबाई पाचगणीच्या शाळेत शिकवतात, राहतात वाईला. रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि दुपारी उतरायचा. तक्रार एकच होती : घाटात गाडी ओढत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जागच्या जागी दम खाते, मागून एसटी हॉर्न मारते आणि वळणावर गाडी दुसऱ्यावर आणून कशीबशी वर न्यावी लागते. सपाटीवर तेवढं जाणवत नाही. धूर नाही. चेक लाईट लागते.

तुम्ही स्कॅनर लावला. पी ०१०१ आला. तुमच्या सुपरवायझरनं बाईंना सांगितलं, ‘मॅडम, एअर फ्लो सेन्सर गेला.’

आता जरा थांबा आणि तो कोड नीट वाचा. पी ०१०२ असता तर अर्थ झाला असता की सर्किटमधून येणारा सिग्नल फार कमी आहे. पी ०१०३ म्हणजे फार जास्त. तेव्हा वायर तुटली का, कपलरमध्ये पाणी गेलं का, सेन्सर जळला का, असा तपास सुरू होतो. पी ०१०१ वेगळा आहे. सेन्सर जे सांगतोय ते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला या घडीला जे अपेक्षित आहे ते, या दोन्हींत मेळ बसत नाही, इतकंच तो कोड सांगतो. मेळ का बसत नाही हे त्यात नाही. सेन्सर खोटं बोलत असेल, किंवा सेन्सर खरं बोलत असेल आणि हवेच्या वाटेतच काही बिघडलं असेल. फिल्टर चोंदलेला असेल, जळक्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला असेल, होज फाटला असेल. कोड ही तक्रार आहे. तुम्ही तिलाच निकाल समजून शिक्षा सुनावली, तीही बाईंच्या पैशानं.

सेन्सर करतो काय, हे तुमच्या सुपरवायझरला ठाऊक आहे का, मला शंका आहे. १९१४ साली एल. व्ही. किंग या शास्त्रज्ञानं तापलेल्या तारेवरून हवा गेली की तार किती उष्णता गमावते याचं गणित मांडलं. आजचा सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो. जुन्या काळी, १९७०च्या दशकात, हवेच्या वाटेत एक पाकळी असायची. हवा तिला ढकलायची आणि ती किती उघडली त्यावरून हवेचं आकारमान कळायचं. मग प्लॅटिनमची बारीक तार आली. इंजिन बंद केल्यावर ती क्षणभर लालबुंद तापवून तिच्यावरचा कचरा जाळून टाकायची सोय होती. आता तार जाऊन सिलिकॉनची चिप आली आहे. तिच्यावर इतका पातळ पडदा असतो की कापसाचा बोळाही त्याला फाडू शकतो. पडद्याच्या मधोमध हीटर असतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे तापमान मोजणारे बिंदू. हवा आली की अलीकडचा बिंदू गार होतो, पलीकडचा कमी गार होतो, आणि त्या फरकावरून किती ग्रॅम हवा आत गेली आणि कोणत्या दिशेनं गेली हे कळतं.

हवा ग्रॅममध्ये कळते, ही गोष्ट आपल्या भागात फार मोलाची आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. तेवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानानं बाराएक टक्के विरळ होते. पाकळीला हे नीट कळायचं नाही. या चिपला कळतं, कारण विरळ हवा तिला कमी गार करते. घाट चढणाऱ्या गाडीत हा सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला घडोघडी सांगत असतो की हवा आता इतकी उरली आहे, डिझेल त्या बेतानं सोड. हवा कमी आहे असं कळलं की कॉम्प्युटर डिझेल आखडतो, नाहीतर काळा धूर होईल. बाईंच्या गाडीत तेच होत होतं. हवा कमी आहे असं सेन्सर सांगत होता आणि कॉम्प्युटर प्रामाणिकपणे डिझेल कापत होता.

मग सेन्सर चुकत होता का? इथे तुमच्या गॅरेजनं एक ‘टेस्ट’ केली. सेन्सरचा कपलर काढला आणि ट्रायल मारली. गाडी ओढू लागली. तुमच्या लोकांनी तिथेच हात झटकले : कपलर काढला की गाडी पळते, म्हणजे सेन्सर खराब. गावोगावच्या गॅरेजमध्ये ही टेस्ट चालते आणि मला तिचा राग येतो. कपलर काढला की कॉम्प्युटरला हवेची खबर मिळत नाही. मग तो ठोकळ मानानं एक आकडा गृहीत धरून डिझेल सोडतो आणि ईजीआरही बंद ठेवतो. गाडी पळाली, याचा अर्थ एवढाच की येणारा आकडा खऱ्या हवेपेक्षा कमी होता. तो सेन्सरनं कमी सांगितला की सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती, हे या टेस्टनं कधीच कळत नाही. दोन्ही बिघाडांत उत्तर अगदी सारखं येतं.

समजा, शाळेच्या फाटकात हजेरी मोजायला शिपाई बसवला आहे आणि पोरं मागची भिंत ओलांडून वर्गात येतायत. फाटकातली हजेरी कमी भरली, म्हणून तुम्ही शिपाई बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी भरली, म्हणून पुन्हा शिपाई बदलला. भिंतीकडे कुणी गेलंच नाही.

नवा सेन्सर बसवून तुम्ही कोड उडवला आणि गाडी थोडे दिवस बरी चालली, हे बाईंनीच मला सांगितलं. त्यात नवल नाही. कोड उडवल्यावर लाईट विझते, कॉम्प्युटर काही काळ पुन्हा नव्यानं पाहू लागतो, आणि त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती, म्हणजे घाट चढायचाच नव्हता. शाळा उघडली, घाट आला, लाईट आली. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘तो पीस खराब निघाला.’ दुसरा बसवला. त्याचेही पैसे घेतलेत. पहिला खराब निघाला होता तर दुसऱ्याचे पैसे कसले? आणि पहिला खराब होता हे तरी तुम्ही कशावरून ठरवलं? परत, न मोजता.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा बाईंना मी पहिल्यांदा विचारलं ते लाईटबद्दल नव्हतं. आवाज काही येतो का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, येतो. चढावर जोर दिला की समोरून सूं असा आवाज येतो, काच खाली असली की ऐकू येतो, पाय काढला की थांबतो. पुढे म्हणाल्या, ‘गॅरेजमध्ये मी हे दोन्ही वेळा सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅडम, डिझेल गाडी आहे, आवाज येणारच, तुम्हाला त्यातलं कळणार नाही.’

मालक, हे वाक्य तुमच्या माणसाचं आहे. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्या बाईंनी आपण होऊन दोनदा तुमच्या काउंटरवर आणून ठेवला. तुमच्या महागड्या स्कॅनरला जे कळलं नाही ते त्यांच्या कानाला कळलं होतं. जॉबकार्डवर तक्रार लिहायला चांगल्या चार ओळी असतात. तुम्ही तिथे ‘पिकअप कमी’ एवढंच लिहिलंत.

आता मी काय केलं ते सांगतो. यात कुठलंही गुपित नाही आणि यातलं प्रत्येक हत्यार तुमच्याकडे आहे.

चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, आणि स्कॅनरवर कोडच्या पानाऐवजी लाइव्ह डेटाचं पान उघडलं. इंजिन बंद असताना हवेचा प्रवाह शून्याच्या आसपास दिसायला हवा. तुम्ही बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरवर तो शून्य नव्हता. हवा हलत नसताना तो हवा मोजत होता. त्या सेन्सरचा खोका उलटसुलट करून पाहिला, तो दुसऱ्याच मॉडेलसाठीचा होता. कपलर तंतोतंत बसतो, स्क्रूची भोकं जुळतात, पण सेन्सरचा हिशेब तो ज्या नळीत बसतो तिच्या व्यासाला बांधलेला असतो. नळी बदलली की आकडा चुकला. म्हणजे बाईंनी पैसे मोजून आपल्या गाडीत एक जादा बिघाड बसवून घेतला. तुम्ही तो बसवलात.

सुदैवानं बाईंनी जुना, कंपनीचा सेन्सर तुमच्याकडून मागून घेतला होता आणि तो डिकीत कापडात गुंडाळून ठेवला होता. जुना पार्ट परत मागायचा, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. तो बसवला. प्रवाह शून्य. आत येणाऱ्या हवेचं तापमान दिवसाच्या तापमानाशी जुळणारं. मल्टिमीटर घेऊन कपलरवर बॅटरीचा व्होल्टेज पाहिला, अर्थिंग पाहिलं, दोन्ही ठीक. टर्बोनंतर बसलेला दाबाचा सेन्सर इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, तो वाईत ९३० मिलिबारच्या आसपास असायला हवा, तसाच होता. म्हणजे दोन्ही साक्षीदार शुद्धीवर होते.

मग इंजिन चालू करून, गरम होऊ देऊन, ईजीआर बंद ठेवून आयडलचा आकडा पाहिला. त्याचं गणित कागदावर मांडता येतं. १२४८ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३१२ सीसी. वाईच्या उंचीवर, उन्हाच्या दिवशी, एक लिटर हवा एक ग्रॅमपेक्षा जराशी जड भरते. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाही, त्यामुळे एका स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या जवळपास हवा यावी. तेवढीच येत होती. जो सेन्सर तुम्ही ‘गेला’ म्हणून काढून टाकला होता, तो अचूक मोजत होता.

उरला घाट. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शेजारच्या सीटवर बसलो आणि बाईंनीच गाडी चालवली, कारण रोज ज्या पायानं ॲक्सिलरेटर दाबला जातो त्याच पायानं बिघाड दिसायला हवा. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला तेव्हा दाबाचा सेन्सर सांगत होता, टर्बो नीट काम करतोय, सिलिंडरच्या तोंडाशी सुमारे १७०० मिलिबार दाब आहे. एवढ्या दाबाला एका स्ट्रोकला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास हवा जायला हवी. एअर फ्लो सेन्सर ४०० सुद्धा दाखवत नव्हता. आणि त्याच क्षणी तो सूं आवाज.

टर्बो दाब देतोय, हवा आत आहे, पण फाटकातून गेलेली नाही. याचा एकच अर्थ निघतो : सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये वाट फुटली आहे. टर्बोच्या पुढे फुटली असती तर मोजलेली हवा बाहेर गेली असती, डिझेल जास्त पडलं असतं आणि मागे काळा धूर दिसला असता. धूर नव्हता. हे उत्तर बाईंच्या तक्रारीतच होतं. तुम्ही टर्बोचं एस्टिमेट दिलंत त्या दिवशी टर्बो इतका दाब देत होता, हेही तुमच्या स्कॅनरवर दिसलं असतं. पान उघडलं असतं तर.

खाली उतरून गाडी थंड झाल्यावर फिल्टर बॉक्सपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज काढला. वरून पाहिलं तर धडधाकट. त्याला चुण्या असतात, अकॉर्डियनच्या पेटीसारख्या नव्हे, साध्या दोन-तीन वळ्या. खालच्या बाजूच्या वळीत, जिथे टॉर्च आणि आरसा धरल्याशिवाय नजर जात नाही, तिथे बोटभर लांब चीर होती. हातात सरळ धरला की चिरेचे ओठ मिटतात, दिसतही नाही. जरा वाकवला की उघडतात. चिरेच्या कडेला धुळीची काळी रेघ बसली होती, म्हणजे तिथून हवा आत खेचली जात होती हे रबरानंच लिहून ठेवलं होतं. इंजिनाच्या ब्रीदरमधून त्या होजमध्ये तेलाची वाफ येते, वर्षानुवर्षं तेल लागून रबर फुगतं, मऊ पडतं आणि वळीत फाटतं. इंजिन आयडलला असताना चीर मिटलेली. चढावर जोर पडला की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं, होज वाकतो, चीर उघडते, टर्बो तिथून हवा ओढतो. आयडलचा आकडा बरोबर आणि घाटातला चुकीचा का येत होता, याचं कोडं तिथे सुटलं. कुणी सपाट जागेवर, उभ्या गाडीत शोधत बसला असता तर त्याला ते कधीच सापडलं नसतं.

नवा होज हजार रुपयांच्या आत आला. क्लिपाही नव्या घातल्या. जुनाच सेन्सर ठेवला. कोड उडवून पुन्हा घाट चढलो, आकडे जुळले, आवाज गेला.

पण तुम्हाला फक्त पैशाबद्दल लिहायचं असतं तर मी एवढं लांब लिहिलं नसतं. ती चीर फिल्टरच्या पुढे होती, मालक. तिथून आत जाणारी हवा गाळलेली नव्हती. तुम्ही सेन्सर बदलत होतात तेव्हा घाटातली लाल धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर आणि तिथून सिलिंडरमध्ये जात होती. लाखभर फेरे मिनिटाला फिरणाऱ्या पात्यांना धुळीचा कण म्हणजे सँडपेपर आहे. मी पात्यांच्या कडांवरून बोट फिरवून पाहिलं, शाफ्टचा खेळ पाहिला. अजून शाबूत आहेत. आणखी एखादा उन्हाळा गेला असता तर तुमचं टर्बोचं एस्टिमेट खरं ठरलं असतं, आणि ते खरं करण्याचं काम तुमच्या दुर्लक्षानं केलं असतं. ‘सध्या कपलर काढून चालवा’ असंही तुमच्या माणसानं मधल्या काळात बाईंना सुचवलं होतं. तसं चालवलं असतं तर लक्षण झाकलं गेलं असतं, धूळ चालूच राहिली असती, आणि प्रदूषण कमी ठेवण्यासाठी बसवलेली ईजीआर यंत्रणाही बंद पडून राहिली असती. एका बाईंना घाटात, मागे एसटी आणि पुढे वळण असताना, ताकद नसलेली गाडी चालवायला लावणं ही लहान गोष्ट नाही. त्या गाडीत अनेकदा त्यांच्या सोबत शाळेतल्या आणखी दोन शिक्षिका असतात.

सेन्सर खरंच खराब होत नाही असं मी म्हणत नाही. होतो. ऑइल लावलेले कापडी फिल्टर बसवणारे हौशी लोक आहेत, ते तेल चिपवर बसतं. फिल्टर तिरका बसवला किंवा बॉक्सचं झाकण नीट दाबलं नाही तर धूळ जाते. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली तर पाणी जातं. घाण बसलेला सेन्सर बहुतेक वेळा आयडलला जरा जास्त आणि जोरावर कमी दाखवतो. पेट्रोल गाडीत हे ओळखणं आणखी सोपं आहे, कारण तिथे फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, दिसतो. आयडलला ट्रिम खूप वाढलेला आणि आरपीएम वाढवला की तो कमी होत जातो, तर कुठेतरी हवा गळते आहे. आयडलला ठीक आणि जोर वाढेल तसा ट्रिम वाढत जातो, तर सेन्सर कमी मोजतो आहे किंवा पेट्रोलच कमी पडतं आहे, मग पेट्रोलचं प्रेशर बघा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. आणि घाण बसली असेल तर एअर फ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे मिळतो. तो मारायचा, वाळू द्यायचा, हात लावायचा नाही. तुमच्याकडे कार्ब क्लीनर मारून कानातल्या कापसानं चिप पुसतात, हे मला तुमच्याकडे काम केलेल्या मुलानं सांगितलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला खरी चीड त्या मुलांची येते, म्हणजे त्यांच्यासाठी येते. आयटीआय करून पोरं तुमच्याकडे येतात. मोठं गॅरेज, चार लिफ्ट, भिंतीवर हत्यारं टांगलेली. त्यांना वाटतं, इथे काम शिकायला मिळेल. तुम्ही त्यांना शिकवता, स्कॅनर लाव, कोड बघ, पार्ट मागव. ओम्स लॉ शिकून आलेला मुलगा दोन वर्षांत मल्टिमीटर धरायचा विसरतो. मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. त्याच्यावर तुमचा नफा होत नाही, सेन्सरवर होतो, एवढाच याचा हिशेब आहे. उद्या ही पोरं स्वतःचं गॅरेज टाकतील आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या खिशातून असेच शिपाई बदलत राहतील. या धंद्याला लोक आधीच चोर म्हणतात. जे मेकॅनिक आरसा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतात, त्यांनाही तुमच्यामुळे तो शब्द ऐकावा लागतो.

तेव्हा तीन गोष्टी मागतो.

बाईंचे दोन्ही सेन्सरचे आणि त्यांच्या लेबरचे पैसे परत करा. स्कॅनिंगचेही करा, कारण स्कॅनिंग म्हणजे कोड वाचणं नाही. दुसऱ्या मॉडेलचा सेन्सर बसवून त्याचं बिल लावणं ही सेवेतली उघड त्रुटी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. बाईंनी तक्रार लिहून ठेवली आहे, मी लाइव्ह डेटाचे प्रिंट जोडले आहेत. त्या अजून वाट बघतायत, ते तुमच्या भीतीनं नाही, तुम्हाला संधी मिळावी म्हणून.

दुसरं, आजपासून तुमच्या बिलावर एक रकाना वाढवा : पार्ट बदलण्यापूर्वीचं मोजमाप आणि नंतरचं मोजमाप. ज्या पार्टपुढे हे दोन आकडे नसतील त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊ नका.

तिसरं, काउंटरवरच्या तुमच्या माणसाला सांगा, गाडी रोज चालवणारी व्यक्ती काय ऐकते आणि काय अनुभवते ते तिच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहायचं. बाई असो, बुवा असो.

तुम्ही बसवलेले दोन्ही सेन्सर आणि फाटलेला होज माझ्या दुकानात एका खोक्यात ठेवले आहेत. पैसे घेऊन या आणि सेन्सर घेऊन जा. होज मिळणार नाही, तो मी शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवतो.

कळावे,
वाईतला एक ऑटो इलेक्ट्रिशियन